चार विटांचा पूर

"खाटंखाली इटा किती होत्या?"

दाईबाई हा प्रश्न कुणालाही विचारायच्या. वीस वर्षांच्या जवानाला, त्याच्या आईला, कधी त्याच्या आजीलाही. ऐकणारा गोंधळायचा. मग त्या डावा हात पुढे करायच्या, तळवा जमिनीला आडवा धरायच्या, सावकाश वर न्यायच्या आणि एका जागी थांबवायच्या. "इथवर. हौ ना?" तोवर समोरच्या म्हातारीला आठवलेलं असायचं. "हौ बाई, इथवरच."

तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, जिच्या हातून अर्धं गाव जगात आलं. तिच्याबद्दल लोक प्रेमानं बोलतात, लग्नात तिला लुगडं नेसवतात. पण तिला विचारून गावाचा नकाशा काढल्याचं मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही. मी तसा काढला, म्हणून हे सांगतो आहे.

राज्य बदलून थोडीच वर्षं झाली होती. नागपूरकडे तोंड करून बसलेलं आमचं बालाघाट भोपाळकडे वळून बसत होतं. मी एका कचेरीत नक्शानवीस होतो. गाव वाढत होतं, नाल्याच्या अंगाला घरं बांधायच्या परवानग्या लोक मागत होते. साहेबांनी मला काम दिलं : वैनगंगेचा पूर गावात कुठवर येतो त्याची रेघ नकाशावर काढायची. रेघेच्या आत ज्याला घर बांधायचं, त्यानं जोतं किती उंच घ्यायचं ते त्यावरून ठरणार होतं.

जुने कागद शोधले. काही नागपूरला राहिले होते, काही नव्या राजधानीला गेले होते, आणि जे आमच्या कपाटात होते ते वाळवीनं वाचून संपवले होते. साहेब जबलपूरकडचे, सरळ माणूस. म्हणाले, "बुज़ुर्गों से पूछो भाई."

बुजुर्गांना विचारलं. एकानं सांगितलं, पाणी देवळाच्या कळसाला लागलं होतं. दुसऱ्यानं सांगितलं, छे, पायरीसुद्धा भिजली नव्हती. तिसऱ्याच्या पुरात हत्ती वाहून गेला होता. हत्ती कुणाचा, हे मात्र त्याला आठवेना. प्रत्येकाच्या तरुणपणातला पूर सगळ्यांत मोठा. माझ्या नकाशावर तीन रेघा झाल्या, आणि तिन्ही एकमेकींपासून पुरुषभर वर-खाली.

त्या वेळी माझ्या बायकोला सातवा महिना होता. एका दुपारी दाईबाई तिला पाहायला आल्या. ठेंगण्या, पन्नाशीकडे झुकलेल्या, नोकरीच्या नेमाच्या पांढऱ्या लुगड्यातल्या, हातात दवाखान्यातल्या नोकरीतली पत्र्याची पेटी. मी नकाशा जमिनीवर पसरून त्यावर पालथा पडलो होतो. बायकोला पाहून झाल्यावर त्या जाता जाता थांबल्या.

"हे काय काढून राह्यले भाऊ?"

"पुराची रेघ. पाणी कुठवर येते ते."

त्या उकिडव्या बसल्या. मी दाखवलं : ही नदी, हा नाला, हा बाजाराचा रस्ता, ही शाळा. एकदा सांगितलेलं पुरलं. लगेच त्यांचं बोट नकाशावर फिरू लागलं.

"हे सोनाराचं घर. इथं तुमी पानी दाखवलं."

"नदीच्या काठावर आहे ना ते."

"काठावर हाय, पन टेकडावर हाय. सोनारीनबाईच्या तिन्ही बाळंतपनाले मीच होती. दोनदा पूर होता. चुलीले ओल नाई लागली. अन् हा खालचा टोला तुमी कोरडा सोडला! तिथं मी खाटंखाली चार-चार इटा लावल्या."

"पण टोल्याची वस्ती नदीपासून किती दूर आहे बाई."

"नदी समोरून नाई येत भाऊ. मागच्या दारानं येते, नाल्यातून." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी सोपं करून सांगितलं. "नदी भरली का नाल्याले जायले जागा राहत नाई. मंग तो उलटा फिरते, घराकडं. मानसासारखा."

माझ्या तिन्ही रेघा नदीपासून मोजलेल्या होत्या. मी तिन्ही खोडल्या.

पुढचे पंधरा दिवस दुपारी त्यांना वेळ मिळेल तसे आम्ही गावात फिरलो. पुढे दाईबाई, मागे मी आणि उंची मोजायची लेव्हलची दुर्बीण. लोकांना वाटायचं, कुठेतरी मोठं बाळंतपण आहे.

त्यांच्या आठवणीची रीत मला दोन-तीन घरांतच कळली. बाळंतीण पुरात हलवता येत नाही. पाणी घरात आलं की त्या तिच्या खाटेच्या पायांखाली विटा लावायच्या. पाणी चढलं की आणखी एक. "माझा कायदा एकच. खाटंची सुतळी अन् पानी, यात एक वीत राह्यली पायजे." लेकरू कोणत्या घरात झालं, खाट कोणत्या कोपऱ्यात होती आणि विटा किती लागल्या, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. पुष्कळ घरांत ती खाटही अजून होती. खाटेचा पाय अधिक विटा, त्यातून एक वीत वजा, की त्या घरातलं पाणी निघालं. मी ते दुर्बिणीनं जमिनीच्या उंचीत मिळवायचो.

"बाहेर ये रे, चार-इटी!" असं त्यांनी एका दारात ओरडून म्हटलं, तेव्हा मिशा असलेला एक पोस्टमन बाहेर आला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. आतून बांगड्या हसल्या.

"बाई, आता तरी नावानं बोलवा."

"नाव तुझ्या बापानं ठेवलं. इटा म्या ठेवल्या."

एका घरात सात विटा लागल्या होत्या. मी म्हटलं, सातांवर खाट उभी कशी राहील? "राहत नाई ना. म्हून मी ती खाट नवऱ्याच्या धोतरानं भितीतल्या खुंटीले बांधली. नवरा मंग दिवसभर धानाच्या कोठीवर चढून बसला. खाली कसा उतरन?"

पोस्टमनच्या घरचं गणित आणि त्याच दिवशी वरच्या आळीत दोन विटांवर जन्मलेल्या एका मुलीच्या घरचं गणित मी शेजारी शेजारी मांडलं. दोन्हीकडच्या पाण्याची उंची दोन बोटांच्या फरकानं एकच आली. दोन बोटं! बुजुर्गांच्या गोष्टींत पुरुषभराचा फरक होता. त्या दिवशी मी कचेरीतून घरी चालत आलो की धावत आलो, आठवत नाही.

फिरता फिरता त्या मला घरंही शिकवत होत्या. पाणी दोन जातींचं, म्हणायच्या. एक येणारं आणि एक बसणारं. येणारं पाणी भांडी नेतं, बसणारं पाणी घर नेतं. "मातीची भीत पानी असतानी पडत नाई. पानी गेल्यावर तिसऱ्या दिवशी पडते, ऊन निंगालं का. तवाच लोक आनंदानं घरात जातेत. म्हून तीन दिवस मी कोनाले आत जाऊ देत नाई." हे मी कोणत्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. पुढे मी ते नकाशाच्या समासात लिहून ठेवलं.

त्यांचं स्वतःचं घर खालच्याच टोल्यात होतं. मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे मातीची कौलं, ओसरीत बुद्धाची तसबीर. नवरा उकव्याच्या खाणीत कामाला, पंधरवड्यातून एकदा बसनं यायचा. नकाशावर त्यांच्या घरावरून रेघ जाणार हे उघडच होतं. मी जरा संकोचलो तेव्हा त्याच म्हणाल्या, "पैले माझं घर भिजवा कागदावर. मंग कोनी बोलणार नाई."

शेवटी उरला नाल्यापलीकडचा भाग. तिथे पूर्वी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं होती, आता प्लॉट पडले होते. जमीन जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या मुलाची. गाव त्यांना शेठ म्हणायचं. मी तिकडे जायचं टाळत होतो, कारण त्यातला एक प्लॉट मी घ्यायचं कबूल केलं होतं. भाड्याच्या खोल्यांत आम्ही कंटाळलो होतो. बायकोनं पेरूचं झाड कोणत्या कोपऱ्यात लावायचं तेही ठरवलं होतं. आणि मनात मी एक सोय करून ठेवली होती : तिथे कधी घरच नव्हतं, म्हणजे बाळंतपण नाही, म्हणजे विटा नाहीत, म्हणजे पुरावा नाही.

दाईबाई त्या दिवशी हळू चालत होत्या. मी म्हटलं, "इथे घरं नव्हती. इथलं तुम्हाला माहीत नसेल."

"माहीत हाय."

 बांध्यांच्या मधोमध एक मोहाचं झाड होतं. त्याच्याजवळ जाऊन त्यांनी बुंध्याला हात लावला. जमिनीपासून साधारण माझ्या कपाळाइतक्या उंचीवर त्याला दोन फाटे फुटले होते.

"इथं एक बाळंतपन झालं."

"कुणाचं?"

"माझं."

मी दुर्बीण खाली ठेवली. त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"धानाच्या रोवन्याचे दिवस होते. मले आठवा सरला होता, पन घरी बसून कोन खायले देते? सकाळी चिखलात उतरली. दुपारी कळा लागल्या. बांधीत पानी तर असतेच, म्हून पानी वाढून राह्यलं हे कोनाच्या ध्यानातच नाई आलं. गुडघ्यावर आलं तवा बाया ओरडल्या. मालगुजाराचं घर ते काय, दिसते ना? दोनशे पावलं. पन त्यायच्या आंगनात तवा आमची सोय नव्हती."

मी कुणब्याच्या घरातला. 'सोय नव्हती' म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याही अंगणात नव्हती.

"रानडुकरं राखाचं मचान होतं या झाडाले. त्याचं एक लाकूड या फाट्यात बसवलं होतं, बाकीचे खांब जमिनीत. बायांनी मले उचलून वर घातलं. रोवन्यावर एक म्हातारी होती, तिनं लेकरू काढलं. पानी चढत चढत मचानाच्या खाली एक हात येऊन थांबलं. मी वरून हात टाकून पाह्यला."

"भेव नाही वाटलं?"

"वाटलं ना. पन कळ आली का भेव मांगं पडते." त्या हसल्या. "त्या म्हातारीच्या मांगं मांगं मग दोन वर्षं फिरली. हे काम मी तिच्यापाशी शिकली."

"आणि लेकरू?"

"किरनापूरले मास्तरीन हाय."

झाडाचा फाटा वर्षांनी जाड होतो, उंच होत नाही. मी पट्टी लावली. फाट्याच्या उंचीतून एक हात वजा केला, जमिनीची उंची मिळवली आणि पोस्टमनच्या घरच्या आकड्याशी ताडून पाहिलं. तिथेच, माझ्या होणाऱ्या प्लॉटच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर बसून. पूर निराळे, पण पुन्हा तीच दोन बोटं. माझ्या बायकोच्या पेरूच्या जागी चार फूट पाणी होतं.

दाईबाईंनी मला काही विचारलं नाही. माझा प्लॉट तिथे आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"दाईबाई खोटं बोलतीन का?"

"नाही."

"मंग काढा ना रेघ. मी काय पान्यात पेरू लावू?" आणि पुन्हा सूप उचललं. पण त्या रात्री ती जेवली नाही, हेही खरं आहे.

रेघ कचेरीत पोचायच्या आधी शेठच्या कानावर गेली. ते स्वतः आले, पान पुढे केलं. "बाबू, तुमचा बी प्लॉट आहे ना तिथं? रेघ जराशी खाली घ्या. तुमचं बी भलं, आमचं बी. माझ्या आठवणीत तिथं कधी पाणी पाह्यलं नाही." ते खोटं बोलत नव्हते. तो पूर आला तेव्हा ते दोनशे पावलांवरच्या घरात होते, असतील चार-पाच वर्षांचे; पुढच्या पुरांच्या वेळी ते नागपूरला शाळेत होते. मजूर बायांचं मचान त्यांना कुणी कशाला सांगेल?

साहेबांनी नकाशा पाहिला आणि भुवया वर केल्या. "एक दाई के कहने पर नक़्शा?" मी म्हटलं, आपण त्यांनाच विचारा.

दाईबाई आल्या. साहेबांनी खुर्ची दिली. त्या खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या.

"उस खेत में पानी था, इसका प्रमाण क्या है आपके पास?"

"प्रमाण तो किरनापुर में है साहब. लड़कियों को पढ़ाती है."

साहेबांना कळेना. मी सगळी हकीकत सांगितली.  मग साहेबांनी माझे आकडे मागवून घेतले, स्वतः पेन्सिल घेऊन तीनदा बेरीज केली, आणि सही केली. प्लॉट बंद झाले नाहीत. पण तिथे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला पूर कुठवर येतो हे लेखी कळवायचं आणि जोतं त्याच्या वर घ्यायचं, असा हुकूम निघाला. मी माझा प्लॉट सोडला.

शेठनी सहा महिने मला रामराम केला नाही. तेवढ्यात त्यांच्या बायकोला दिवस गेले, दाईबाईंना बोलावणं आलं आणि त्या गेल्या. मला राहवलं नाही. "त्या घरात जाता बाई तुम्ही?"

"पाच लेकरं काढली मी त्या घरात आतापावतो. लेकराले काय माईत, आंगनात कोनाची सोय होती अन् कोनाची नव्हती."

आमचा मुलगा त्याआधीच, ऐन उन्हाळ्यात झाला. दाईबाईंनी त्याला माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तुमचा पोट्टा कोरडा निंगाला भाऊ. नकाशाच्या काही कामाचा नाई."

प्लॉटवर घरं उभी राहू लागली तसा नागपूरहून एक विमा एजंट आला. शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. गोरापान, घामेजलेला, बोलका गृहस्थ. घराचा विमा घ्या, निश्चिंत झोपा, असं त्याचं म्हणणं. दाईबाई सगळ्यांत मागे बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला.

"हा कागद आगीचा हाय का पान्याचा?"

"मूळ आगीचा. पाण्याचं कलम वेगळं जोडावं लागतं. थोडे पैसे जास्त."

"नाई जोडलं तर?"

"तर पुराचं काही मिळत नाही."

"मंग ते आदी सांगा ना बापा. इथं आग किती लागते?" लोक हसले. "अन् पानी नदीतून आलं तर चालते, नाल्यातून उलटं आलं तर?"

एजंटानं पिशवीतून इंग्रजी कागद काढला. दाईबाईंनी तो मला वाचायला लावला. बारीक अक्षर होतं. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेलो आणि त्या प्रत्येक ओळीवर काहीतरी विचारत होत्या. नुकसान झालं तर कुणी पाहायला येणार? किती दिवसांत कळवायचं? भिजलेलं सामान तोवर ठेवायचं की फेकायचं? शेवटी विचारलं, "मातीच्या भितीले?"

एजंटाचा चेहरा उतरला. "नाही बाई. कंपनी पक्क्या बांधकामालाच देते."

"बरं. खरं सांगतलं हे बरं केलं." त्या उठल्या, आणि पक्क्या घरांकडे बोट करून म्हणाल्या, "तुमी घ्या. पान्याचं कलम जोडून घ्या. आमी आमचं पाहू."

जाताना एजंट मला म्हणाला, या बाईंना माझ्याबरोबर नागपूरला पाठवा, मी घरी बसून खाईन. आमच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी कलम जोडून विमा घेतला. चौकातल्या किराणावाल्यानं फक्त आगीचा घेतला. मी समजावलं, पण त्याला वाटलं, मी एजंटाचा माणूस.

खालच्या टोल्यासाठी दाईबाईंनी जे केलं, त्याला काही नाव नव्हतं. लोक त्याला 'वरचं घर' म्हणू लागले. टोल्यातल्या प्रत्येक घरासाठी त्यांनी रेघेच्या वरचं एक घर ठरवलं. पाणी आलं की या घरानं त्या घरात जायचं. धान, कपडे, शेळ्या, म्हातारं माणूस, सगळं. आधी विचारून, दोन्हीकडच्या बायांना समोरासमोर बसवून. "कुठी झोपसान, चूल कोनती, शेळी कुठी बांधसान, आताच बोला. पान्यात भांडन नाई करायचं." काही घरं तोंड वाकडं करायची. त्यांना त्या शांतपणे आठवण द्यायच्या, की तुमचा नातू उलटा होता तेव्हा मी कुठून आलती. मग घर तयार व्हायचं. मला एवढ्यात रेघेच्या वर दोन खोल्यांपुरती जागा मिळाली होती. दाईबाईंचं वरचं घर आमचं.

मुलगा पाच वर्षांचा झाला त्या भाद्रपदात पूर आला. चार दिवस पाऊस सुरू होता. पाचव्या दिवशी सकाळी दाईबाई नाल्यावर गेल्या, पळसाचं पान तोडलं आणि पाण्यात टाकलं. पान जागीच थांबलं. थोडा वेळ तिथेच फिरलं आणि मग हळूच गावाकडे येऊ लागलं.

त्या पळाल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. टोल्याच्या पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत चालत गेल्या आणि प्रत्येक दारात एवढंच म्हणाल्या, "नाला फिरला. वरच्या घरी चला." दुपारपर्यंत टोला रिकामा झाला. पाणी आलं तेव्हा तिथे एक मांजर आणि पोस्टमनची सायकल तेवढी होती. मांजर आपणहून वर आलं.

एकही माणूस गेलं नाही. प्लॉटवरच्या ज्या घरांनी जोतं उंच घेतलं होतं, त्यांच्या शेवटच्या पायरीला पाणी लागून परत गेलं. ड्रॉइंग मास्तरांनी जोत्यात कंजुषी केली होती. त्यांच्या घरात पाणी शिरलं. दाईबाईंनी त्यांना ओल सुकायच्या आत भिंतीवर कोळशानं रेघ ओढायला लावली आणि भिजलेली गादी फेकू दिली नाही. तीन आठवड्यांनी कंपनीचा माणूस आला, कोळशाची रेघ पाहिली, गादीचा वास घेतला आणि घाईघाईनं सगळं लिहून घेतलं. मास्तरांचं घर त्या पैशांत दुरुस्त झालं. किराणावाल्याचंही दुकान भिजलं होतं; त्याला दोन ओळींचं पत्र आलं. ते त्यानं मला वाचायला आणून दिलं नाही.

एका ठिकाणी मात्र माझी रेघ चुकली. शाळेच्या वर्गात हातभर पाणी आलं. नकाशात शाळा कोरडी होती. मी खजील झालो. दाईबाई व्हरांड्याच्या चिखलात उभ्या राहून आजूबाजूला पाहत होत्या.

"लालबर्‍याचा रस्ता उंच केला ना मागच्या साली? पानी पैले तिकडून निंगून जात होतं. आता कुठून जाईन? रेघ काय दगडावरची हाय का भाऊ? पुन्हा काढा."

पुन्हा काढली. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी, काही नवं बांधलं की आम्ही दोघं फिरायचो.

त्या पुराचं पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि दुपारी दाईबाईंच्या घराची मागची भिंत बसली. आम्ही पाहतच होतो. कवेलू घसरत आले, धूळही उडाली नाही इतकं सगळं ओलं. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. त्या म्हणाल्या, "पाह्यलं? तिसराच दिवस." आवाजात दुःख होतं, आणि आपलं म्हणणं खरं ठरल्याचं थोडं समाधानही होतं. मग पदर डोळ्यांना लावला. तसबीर त्यांनी आधीच आमच्याकडे आणली होती.

नवं घर उभं राहीपर्यंत त्या चार महिने आमच्याकडे होत्या. पहाटे उठून सगळ्यांच्या आधी अंगण झाडायच्या, त्यामुळे बायको त्यांच्या आधी उठायला लागली, मग त्या आणखी आधी. भाजीत मीठ किती, यावर दोघींचं कधीच जमलं नाही. माझी आई गावाहून आली, तेव्हा पहिले दोन दिवस ती वेगळी बसून जेवली. तिसऱ्या दिवशी तिचा गुडघा धरला. दाईबाईंनी तेल लावून तो चोळून दिला. चौथ्या दिवशी दोघी एकाच चुलीपाशी बसून माझ्या लहानपणाबद्दल बोलत होत्या आणि मी गेलो की गप्प व्हायच्या. त्या घर बांधून गेल्या तेव्हा आमच्याकडे आठवडाभर कुणी मोठ्यानं बोललं नाही.

पुढे दाईबाईंची नोकरी संपली. नवरा खाणीतून सुटून आधीच किरनापूरला मुलीकडे जाऊन शेळ्या पाळत होता. दाईबाईंनी टोल्यातलं घर एका बाळंतिणीच्या कुटुंबाला राहायला दिलं आणि जायची तयारी केली. काही वर्षांनी मास्तरीणबाईंचं पोस्टकार्ड आलं, आई झोपेतच गेली म्हणून. त्यानंतर मी नकाशा आणखी दोनदा सुधारला. दोन्ही वेळा एकटाच फिरलो आणि दोन्ही वेळा काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं.

पण मला त्यांचं जाणं आठवतं ते बसस्टँडवरचं. किरनापूरची बस उभी होती. पोस्टमन होता, ड्रॉइंग मास्तर होते, टोल्यातल्या पंधरा-वीस बाया होत्या. शेठच्या बायकोनं घरून चिवड्याचा डबा आणला होता. सगळ्यांना एकेक वाक्य बोलायचं होतं. दाईबाई खिडकीपाशी बसल्या, बाया रडू लागल्या, माझ्या बायकोनं खिडकीतून हात आत घालून त्यांचा हात धरला.

तेवढ्यात एक गरोदर मुलगी बसमध्ये चढली, हातात गाठोडं, बसायला जागा नाही. दाईबाईंनी बायकोच्या हातातून हात सोडवून घेतला, सरकून तिला खिडकीशी बसवलं, तिच्या पोटावर तळवा ठेवला आणि काहीतरी विचारलं. मुलगी लाजून उत्तर देत होती. त्या मान हलवत होत्या, बोटांवर महिने मोजत होत्या. बस हलली. आम्ही सगळे हात वर करून उभे होतो. त्यांनी बाहेर पाहिलंच नाही.